जबान मोकळी करा

फोन वाजला की मला तो उचलावासाच वाटत नाय. तुम्ही म्हणाल, बाई, फोनच तो, त्यात काय एवढं? तर मला सांगा, तुमच्या घरी आफ्रिकेतनं येतो का फोन? माझ्या येतो. अन् नेमका दुपारच्या पारी येतो, गिरणी चालू असताना, जवा मला माझा स्वतःचा खोकला ऐकू येत नाय तवा.

आमची पिठाची गिरणी मुकुंदवाडीत, घराच्या पुढच्या खोलीतच. मी चालवते. नाव सत्यशीला, पण गल्लीत सगळे गिरणीवालीच म्हणतेत. आमचे हे, रामेश्वर, फौजेत हवालदार होते. माहेर-सासर दोन्ही धनगराचं. सासरे, मी त्यांना मामा म्हणते, पिशोरला अजून मेंढरं राखून आहेत. ह्यांना नोकरीच्या शेवटी शेवटी यूएनच्या मिशनवर दक्षिण सुदानला धाडलं होतं, निळी टोपी घालून. तिथनं आले, पेन्शनीत निघाले, अन् मला वाटलं, चला, सुटले. आता हा माणूस घरी राहील, आठवड्यानं नळाला पाणी येतं तवा मोटर लावील, पाव्हण्यारावळ्यात चार शब्द बोलील. कशाचं काय अन् कशाचं काय.

फोन करणारा माजोक. पोरगा तिथलाच, पण शिकायला आपल्या शहरात होता. बेगमपुऱ्यात खोली करून राहिलेला, मराठी बी समजायची त्याला. त्याची हिंदी अशी की, डोळे मिटून ऐकलं तर शहागंजातला कुणी बोलतोय वाटावं. मिशनवर तो दुभाषा होता, फौजेचं बोलणं गावकऱ्यांना अन् गावकऱ्यांचं फौजेला सांगायचा. त्याचा पहिला फोन आला तवा म्हणाला, “भाभी, नान खलिया मिलता क्या अब्बी?” आपल्याकडच्या मटणाच्या नान खलियाची एवढ्या लांबनं आठवण, मला लई हसू आलं. तवा काय माहीत, हाच आवाज पुढं डोक्यावर बसणार म्हणून.

आता त्याचं एकच मागणं असायचं. “भाभी, सरकू बोलो, जबान से छुट्टी दे देव.”

ही जबान काय भानगड आहे ते सांगते. ह्यांचं ठाणं जिथं होतं, तिथं एकीकडं ज्वारी पेरणारे लोक अन् दुसरीकडं गाई राखणारे. पावसाळा सरला की तिकडची रानं वाळतेत, मग गाईवाले नदीकडं सरकतेत, अन् वाटेत हे ज्वारीवाले. उभ्या पिकात गाई घुसल्या की भांडण. आपल्याकडं होतं तसंच, पण आपल्याकडं काठ्या निघतेत, फार तर पोलीस ठाण्यात जाऊन बसतेत. तिथं पोराटोरांच्या हातात बंदुका. दरसाल माणसं मरायची. म्हणून यूएननं मधी ठाणं घातलेलं.

तिथं काय एकटे आपलेच नव्हते. रस्ता केला बांगलादेशच्या लोकांनी, पोलीस घानाचे, गस्तीला शेजारी मंगोलियाचे. हे सांगायचे, मंगोलियावाले बी मेंढपाळाचीच लेकरं, मेंढरू दिसलं की त्यांचा हात आपोआप पाठीवरनं फिरायचा. कुणाची भाषा कुणाला येत नाय, जेवायला बसले की सगळे हातवारे करतेत, अन् काम सगळ्यांचं एकच, मधी उभं राहायचं. हे म्हणायचे, “अगं, नुसतं उभं राहण्यानं माणूस इतका थकतो हे मला ठाऊक नव्हतं.”

मग ह्यांच्या डोक्यात आपली रीत आली. आपल्याकडं पीक निघालं की शेतकरीच धनगराला बोलावतो, रानात मेंढ्या बसवतो. रानाला खत मिळतं, धनगराला दाणे मिळतेत, मेंढरांना धसकटं. ह्यांनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एके दिवशी ठाण्यापुढं बोलावलं अन् मधी आपलं घोंगडं अंथरलं. म्हणाले, कणसं खुडून होईस्तोवर गाई नदीच्या वरच्या अंगाला थांबतील. खुडून झालं की ज्वारीवाल्यांनी स्वतः बोलवायचं. अन् शेवटी, आपल्यात मधला माणूस म्हणतो तसं, छातीला हात लावून म्हणाले, “ही माझी जबान. मोडायची असंल तर आधी माझ्याकडनं मोकळी करून घ्या.” माजोकनं ते त्यांना सांगितलं. त्यांच्यात बी असंच काहीतरी असावं, कारण म्हातारे एकमेकांकडं बघून त्या घोंगड्यावर बसले.

त्या साली तिथं एक माणूस मेला नाय. हे कर्नलसाहेबांनीच सांगितलं. मोठ्या मनाचे गृहस्थ होते, ह्यांची पाठ थोपटली. पण बाजूला घेऊन म्हणाले, “रामेश्वर, ‘माझी जबान’ कशाला म्हणालास? यूएनची म्हणायचं. आपण सगळे देश मिळून इथं आहोत. तू उद्या घरी जाशील, तुझ्या जागी दुसरा येईल. तुझी जबान तुझ्याबरोबर विमानात बसेल त्याचं काय?” ह्यांनी हो-हो केलं. पण खेड्यातल्या धनगराला हे कसं सुचावं? आपल्याकडं मधला माणूस गावातच जन्मतो अन् गावातच मरतो. विमानात बसत नाय.

अन् झालं तसंच. ह्यांच्या जागी दुसरी तुकडी आली, ती साल काढून गेली, अन् मग त्या ठाण्यावर कुणी आलंच नाय. मोठ्या देशांनी हात आखडता घेतला म्हणे, पैसा आटला म्हणे, म्हणून बरीच ठाणी मिटली. मला त्यातलं कळत नाय. एवढं कळतं की इतके सगळे देश मिळून जे धरून होते, ते सोडून गेले, अन् ते येऊन पडलं माझ्या गिरणीत.

ह्या थंडीत तो मोकळी करा म्हणणारा पहिला फोन आला. ज्वारीवाले म्हणतेत गाई चोरपावलानं खाली उतरतेत, गाईवाले म्हणतेत ज्वारीवाल्यांनी आमची जनावरं पळवली. मधी कुणी नाय. तवा दोन्हीकडचे म्हणतेत, त्या माणसाला म्हणावं एक तर परत ये, नायतर आमची जबान मोकळी कर, आमचं आम्ही बघून घेतो.

हे म्हणाले, “नाय.”

दुसऱ्या दिवशी परत फोन. परत नाय. मग रोजचंच झालं. आधी एका बाजूचं तासभर ऐकायचं, मग दुसऱ्या बाजूचं, मग नाय म्हणायचं. चिकलठाण्याला एका कंपनीत ह्यांना गेटवर सिक्युरिटीचं काम लागलं होतं. फोन आला की हे गेट सोडून भिंतीआड जाऊन बोलायचे. आत कोण गेलं, बाहेर कोण गेलं, पत्ता नाय. किती दिवस खपवून घेतील? काढून टाकलं. घरी येऊन मला म्हणाले, “बरंच झालं, आवाज नीट येत नव्हता तिथं.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “अहो, फौजेनं सोडलं, यूएननं सोडलं, तुम्हीच का धरून बसलात? इतक्या मोठ्या मोठ्या देशांना झोप लागते, तुम्हाला काय झालंय?” हे उठून माठातलं पाणी प्यायले अन् परत तिथंच येऊन बसले.

ज्यानं पाच माणसांच्या पंगतीत विनोद सांगावे असा माणूस, तो भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. ताटात वाढलं तर जेवायचा, नाय वाढलं तर मागायचा नाय. रात्री कूस बदलल्याचा आवाज मला ऐकू यायचा. मला ह्याचीच भीती होती. मला तिकडच्या गाईंचं सोयरसुतक नव्हतं, खरं सांगते. मला माझा माणूस पाहिजे होता.

मी पिशोरला मामांना फोन लावला. म्हटलं, “मामा, तुमचं ऐकतील. सांगा त्यांना, टाका म्हणावं मोकळी करून.”

मामा आधी मेंढरांवर ओरडले, मग माझ्यावर. “जबान देताना मला इचारलं व्हतं का त्यानं?”

“नाय.”

“मंग सोडताना का इचारता? अन् ऐक, भांडत मागितली तर जबान मोकळी करीत नसतेत. दोघं बी एका ताटात जेवून, हसत मागायला आले तरच करतेत.”

“एका ताटात जेवणाऱ्यांना मोकळी कशाला पाहिजे, मामा?”

“तेच तर,” म्हणाले अन् फोन ठेवून दिला. काय बोलावं ह्या माणसांपुढं! बापाचंच तर रक्त हाये, म्हटलं, लेकात आणखी काय उतरणार.

मग एके दिवशी दुपारी ज्वारीवाल्यांकडच्या एका तरण्या पोराचा फोन आला. त्याच्या भावाला मारलं होतं. मेला नव्हता, पण डोक्याला टाके पडले होते. माजोक एकेक वाक्य सांगत होता अन् हे ऐकत होते. स्पीकर चालू होता म्हणून मीही ऐकलं. तो पोरगा म्हणाला, “तू तिकडं तुझ्या घरात बसून आमचे हात बांधून ठेवलेस. त्यांनी त्यांचे सोडवून घेतले. उद्या आम्ही मेलो तर ते तुझ्यामुळं.”

ह्या वेळी हे ‘नाय’ म्हणाले नायत. फोन बंद करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “सत्ये, तो खोटं बोलत नाय. मी कोण हाये? माझ्यामागं आता ना ठाणं, ना गाडी, ना टोपी. माझ्या एका नायमुळं कुणी गेलं म्हंजे? मी दमलो गं. लई दमलो. उद्या फोन आला तर सांगून टाकतो, मोकळी.”

मला कसं सांगू किती बरं वाटलं. मी देवापुढं दिवा लावला. सांजच्याला येसर आमटी केली, बाजरीच्या भाकरी केल्या, वर तूप. ते जेवले. पहिल्यांदा मागून घेतलं. मनात म्हटलं, गेली पीडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पेन्शनच्या कामाला छावणीकडं जायचं होतं. जाताना फोन माझ्याकडं ठेवला. मुद्दामच ठेवला असणार. म्हणाले, “तेवढ्यात आला तर तूच सांगून टाक. मोकळी म्हणावं. माझ्या तोंडून निघंल असं वाटत नाय.”

“सांगते की. त्यात काय!” मी म्हटलं. आनंदानं म्हटलं.

फोन आला तवा मी शेजारच्या दीपमालाचे गहू दळत होते. गिरणी बंद केली. दीपमाला म्हणाली, “काय गं, अर्ध्यात?” म्हटलं, “थांब जरा, एक बला कायमची काढून टाकते.”

“भाभी, सर किधर है?” माजोकचा आवाज अगदी बारीक झालेला.

“सर नाही है. मेरेको बोल. जो बोलना है वो मैंच बोलनेवाली.”

“भाभी, आज दोनो तरफ के लोगां आये. पुराने ठाणे के मैदान में. सब खडे है. बोल रहे, आज आखरी. हा या ना. हा बोले तो,” तो थांबला, “हा बोले तो यहींच शुरू होता.”

माझ्या ओठावर आलेलं होतं. मोकळी. तीन अक्षरं. मी म्हणाले, “फोन स्पीकरवर टाक, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.” एकदाच सांगायचं अन् सुटायचं, माझा हिशोब तो.

त्यानं स्पीकर चालू केला. मला वाटलं आरडाओरडा ऐकू येईल. कुणी बोलत नव्हतं. वाऱ्याचा आवाज, अन् जनावरांचा. मी धनगराची लेक आहे. लहानपणी मेंढरांच्या वाड्यातच झोपलेले. जनावराचा आवाज मला सांगावा लागत नाय. गाई हंबरत होत्या, अन् त्यात बारीक, चिरके आवाज मिसळलेले. वासरं.

“माजोक,” मी म्हटलं, “गाईवाल्यांनी वासरं आणलीत?”

“हौ भाभी. छोटे छोटे.”

“अन् बायका?”

“बायका, बच्चे, सब.”

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं, ज्वारीवाल्यांकडनं, एक तान्हं रडलं अन् कुणीतरी त्याला गप्प केलं.

मला माहेरची भांडणं आठवली. माझा बाप कुणाशी भांडायला निघाला की आधी कोकरं अन् लेकरं आईकडं मागं ठेवायचा. भांडायला निघालेला धनगर कोकरं घेऊन निघत नाय. शेतकरी काखेला लेकरू घेऊन निघत नाय. हे सगळे घरदार घेऊन, वासरं घेऊन, एवढ्या लांब त्या ओसाड मैदानात आले होते. अन् फोनमधल्या बाईच्या तोंडाकडं कान लावून गप उभे होते.

अरे देवा, म्हटलं. ह्या लोकांना ‘हो’ ऐकायचंच नाय. ह्यांना ‘नाय’ ऐकायचंय. आपण होऊन मागं फिरलं तर पोरं म्हणतील, भ्याले. कुणीतरी दुसऱ्यानं नाय म्हणायला पाहिजे, म्हंजे दोघांनाही शिव्या द्यायला एक माणूस होईल अन् घरी जाता येईल. रोज एवढ्यासाठी फोन करत होते. अन् आमचे हे बिचारे समजत होते की आपण त्यांना कोंडून ठेवलंय.

मी नुसतं नाय म्हणून गप बसले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या तोंडाला कधी कुलूप होतं?

“माजोक, सांग त्यांना. मी रामेश्वरची घरवाली बोलते. जबान मोकळी नाय. आज नाय अन् उद्या नाय. गाई ज्यानं पळवल्या त्यानं सांजच्या आत आणून बांधायच्या. ज्यानं पोराचं डोकं फोडलं त्यानं त्या पोराच्या दारात जाऊन बसायचं, त्याची आई ऊठ म्हणेपर्यंत. अन् कणसं खुडून झाली नसतील तर झटझट खुडा म्हणावं, एवढा वेळ बोंबलायला हाये तर कामाला बी हाये. अन् परत कुणी मोकळी करा म्हणून फोन केला तर माझ्याशी गाठ हाये. सांग.”

“भाभी,” तो हळूच म्हणाला, “ये सब बोलू?”

“सगळं बोल. एक शब्द गाळू नको.”

तो बोलत राहिला. त्याच्या भाषेत माझं बोलणं लई लांबलं. मग एक म्हातारा खोकला. कुणीतरी काहीतरी म्हणालं अन् दुसऱ्या बाजूनं कुणीतरी त्याला उत्तर दिलं, शिवीच असावी, पण त्यात राग नव्हता. गाईंचे पाय हलायला लागले.

“भाभी,” माजोक म्हणाला, “बूढे लोग नीचे बैठ गये.”

मी फोन ठेवला अन् गव्हाच्या पोत्यावर बसले. दीपमाला म्हणाली, “काढली का गं बला?” मला रडू कोसळलं. तिला काय सांगू? आयुष्यात एवढी दमले नव्हते मी, बाळंतपणात सुद्धा नाय.

हे दुपारी आले. दारातच विचारलं, “आला होता?”

“आला होता.”

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मोकळी म्हणून?”

“नाय म्हणून.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, वासरांचं, तान्ह्याचं, म्हातारे बसल्याचं. मला वाटलं चिडतील. ते उंबऱ्यावर टेकले, पायातली चप्पल बी काढली नाय.

“कुणाच्या नावानं सांगितलंस?”

“कुणाच्या म्हंजे? माझ्या. आणखी कुणाच्या सांगू?”

“अगं ए येडे,” ते म्हणाले, अन् कपाळाला हात लावून हसायला लागले. डोळ्यातनं पाणी येईस्तोवर हसले. “कर्नलसाहेब मला काय बोलले होते, तुला मी शंभरदा सांगितलं की गं. तरी तेच केलंस?” हसता हसता आत गेले, खाटेवर आडवे झाले, अन् जे झोपले ते दिवे लागले तरी उठले नायत. मी दोनदा जाऊन श्वास चालतोय का बघितलं.

आता ते झोपतेत. जेवतेत. परवा नळाला पाणी आलं तवा मोटर लावली, शेजारच्या घरच्याशी नंबरावरनं भांडले सुद्धा. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं, नाय म्हणायची सोय नाय.

काल दुपारी गिरणी भरात असताना फोन वाजला. हे आत घोरत होते. मी उचलला अन् म्हटलं, “थांब रे, सरकू उठाती.”

“नक्को भाभी, सोने देव,” माजोक म्हणाला. “वो लोगां सरकू नहीं, तुमकोच पूछ रहे.”

मी आत बघितलं. तोंड उघडं टाकून, हात डोक्याखाली घेऊन माझा माणूस झोपला होता. बाहेर डबे घेऊन बायका थांबलेल्या. माझ्या हाडाहाडात कटाळा होता. मी गिरणीचा खटका बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले.

“बोल,” म्हटलं. “आज कोण कुणावर उठलंय?”